मराठीसाठी स्वतःची गुप्त लिपी कशी घडवावी: पहिल्या यादीपासून पुळणीवरच्या चिठ्ठीपर्यंत

मे महिन्यात किंवा गणपतीत घर भरलं की पडवीत एखादी तरी वही गुप्त लिपीची निघतेच. पहिल्या पानावर चिन्हांचा तक्ता, दुसऱ्यावर दोन-चार ओळी आणि पुढची पानं कोरी. दोन दिवसांनी लिहिणाऱ्यालाच आपलं लिहिलेलं वाचता येत नाही. दर वेळी चुका त्याच होतात, आणि बहुतेक सगळ्या पहिलं चिन्ह काढायच्या आधीच झालेल्या असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ए ते झेड अशी २६ चिन्हं काढायची आणि इंग्रजी अक्षरांतलं मराठी त्यांत लिहायचं. इंग्रजीत 'वाट' आणि 'वात' एकच दिसतात, 'माळ' आणि 'माल' एकच, 'काळा' आणि 'काला' एकच. लिहिताना अर्थ डोक्यात असतो म्हणून चालून जातं, वाचणारा मात्र अडतो. मराठी लिहायचं असेल तर लिपीही मराठीच्या ध्वनींवर उभी करावी. ते सोपंही पडतं, कारण आपली मुळाक्षरं आधीच रांगेत लावून ठेवलेली आहेत.

१. आधी दोन गोष्टी ठरवा: वाचणार कोण, लिहिणार कशावर

पेन उचलण्याआधी हे ठरलं पाहिजे. लिपी दोघांची असेल तर थोडी किचकट चालते. वाडीतल्या सगळ्या पोरांची असेल आणि त्यांत दुसरीतलं पोरही असेल, तर चिन्हं कमी आणि मोठी हवीत.

कशावर लिहिणार यावर चिन्हांचा आकार ठरतो, आणि नेमकं हेच कोणी पाहत नाही.

कागदावर काहीही चालतं. फक्त पावसाळ्यात कागद सादळतो आणि जेल पेनाची शाई पसरते, तेव्हा पेन्सिल वापरा. पेन्सिलीचं लिहिलेलं ओलं झालं तरी फुटत नाही.

ओल्या वाळूत काठीने किंवा हिराने लिहिताना बारीक टिंबं बुजतात. वाळूतलं चिन्ह निदान वीतभर हवं आणि त्यात गोलाईपेक्षा सरळ रेघा जास्त हव्यात.

जांभ्याच्या चिऱ्यावर कोळशाने किंवा खडूने लिहायचं असेल तर टिंब मुळीच नको. चिरा जवळून पाहा: त्याला जागोजाग भोकं असतात. तिथे काढलेलं टिंब कुठलं आणि दगडाचं भोक कुठलं ते कळत नाही. टिंबांवर बेतलेली लिपी कागदावर देखणी दिसते आणि गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, वाया जाते.

माडाच्या पातीवर खिळ्याने कोरायचं असेल तर शिरेच्या दिशेने ओढलेल्या रेघेवर पात फाटते. तिथे तिरप्या किंवा वळणाच्याच रेघा काढा.

> सावधान: किल्ल्याचा तट, देऊळ, दुसऱ्याचं कुंपण, झाडाची साल यांवर लिहू नका. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे ओरखडा काढणंसुद्धा गुन्हा आहे. कोणाच्या बेड्याजवळ, म्हणजे आवाराच्या फाटकाजवळ, अनोळखी खुणा काढल्या तर चोरांनी घर हेरून ठेवल्याची आवई उठते. खेळ आपल्याच खळ्यात, आणि घरच्या मोठ्यांना सांगून.

२. ध्वनींची यादी करा आणि छाटा

आता मुळाक्षरं लिहून काढा. क ते म ही २५ व्यंजनं, मग य र ल व श ष स ह ळ. एकूण ३४. स्वर वेगळे. प्रत्येकाला स्वतंत्र चिन्ह दिलंत तर पन्नाशीच्या आसपास चिन्हं पाठ करावी लागतील, आणि ती होणार नाहीत. म्हणून छाटणी:

- ष ऐवजी श. 'ऋषिपंचमी' लिहायची ती 'रुशिपंचमी'.
- क्ष म्हणजे क् + श. ज्ञ आपण जसा उच्चारतो तसा, द् + न् + य.
- ऱ्हस्व-दीर्घ एकच: इ-ई ला एक मात्रा, उ-ऊ ला एक. मोडीतही हा भेद सहसा पाळत नसत आणि व्यवहार बिनघोर चालत.
- ऐ आणि औ फोडून लिहा: पैसा हा 'पइसा', चौकट ही 'चउकट'.
- ॲ ला ए ची मात्रा, ऑ ला आ ची. यात 'बॅट' आणि 'बेट' सारखेच दिसतील. तुमच्या चिठ्ठ्यांत क्रिकेटही असेल आणि समुद्रातली बेटंही, तर ॲ ला निराळी मात्रा ठेवा.
- ङ आणि ञ तूर्त बाजूला ठेवा. ते पुढे कामी येणार आहेत.

मालवणीत लिहिणार असाल तर अनुस्वार अजिबात छाटू नका. 'खंय', 'थंय', 'हंय' यांतलं नाकातलं बोलणं गेलं तर शब्दच उरत नाही.

> तपासा: 'शहाळं', 'केळं', 'घरं' यांतलं शेवटचं टिंब लिहायचं की नाही हे आत्ताच ठरवा आणि किल्लीवर, म्हणजे चिन्हांच्या तक्त्यावर, नोंदवा. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने सोडायचं, यातून भांडणं होतात. माझं मत: लिहावं.

३. सांगाडा उभा करा: पाच खुणा, तीन जोडखुणा

हा या सगळ्या कामाचा कणा आहे, इथे घाई करू नका.

मुळाक्षरांचे पाच वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात क्रम ठरलेला आहे. क आणि ख यांत जो फरक, तोच च आणि छ यांत, तोच प आणि फ यांत: श्वासाचा जोर. क आणि ग यांत जो फरक, तोच त आणि द यांत: कठोर आणि मृदू. शेवटचं अक्षर नाकातलं. म्हणून २५ चिन्हं शोधायची गरजच नाही. पाच मूळ खुणा आणि तीन जोडखुणा पुरतात.

नमुन्यादाखल एक संच देतो. तुम्ही स्वतःचा करा, पण रचना हीच ठेवा.

मूळ खुणा:
- क वर्ग: डावीकडे टोक असलेला कोन
- च वर्ग: त्रिकोण
- ट वर्ग: चौकोन
- त वर्ग: वर उघडं अर्धवर्तुळ
- प वर्ग: फुली

जोडखुणा:
- मृदू (ग ज ड द ब): खुणेच्या खाली आडवी रेघ
- जोराचा श्वास (ख छ ठ थ फ): खुणेच्या वर छोटी उभी रेघ
- नाकातला (ङ ञ ण न म): खुणेच्या वर कमान

घ झ ढ ध भ हे मृदूही आहेत आणि जोराचेही, म्हणून त्यांना खालची आडवी आणि वरची उभी अशा दोन्ही रेघा. 'भ' म्हणजे फुली, खाली रेघ, वर उभी रेघ. 'न' म्हणजे अर्धवर्तुळ आणि वर कमान. एकदा हे हातात बसलं की तक्ता बघावा लागत नाही, अक्षर मनातल्या मनात बांधता येतं.

मग उरतात य र ल व श स ह ळ. या आठांना मात्र आठ वेगळ्या खुणा हव्यात. र, ल, य, व सतत येतात, त्यांना एका फटक्यात निघणाऱ्या खुणा द्या. ळ कमी येतो, तो थोडा अवघड असला तरी चालेल. इथे बहुतेक जण उलट करतात: हौसेने पहिल्या सुचलेल्या अक्षराला नक्षीदार चिन्ह देतात, ते नेमकं र निघतं, आणि तिसऱ्या ओळीला हात दुखायला लागतो.

> तपासा: प्रत्येक खूण उलटी करून आणि आरशात पाहा. उलटी केल्यावर दुसरीच खूण होत असेल तर दोघींपैकी एक बदला. वहीत हे जाणवत नाही. पुळणीवर लिहिलेलं माणूस कुठल्याही बाजूने चालत येऊन वाचतो, तिथे घोटाळा होतो. तरीही ओळीच्या सुरुवातीला एक आरंभखूण ठेवाच, म्हणजे उभं कुठे राहायचं ते कळेल.

४. मात्रा: बहुतेक लिप्या इथेच मोडतात

मात्रांचा विचार शेवटी करायचा, ही दुसरी मोठी चूक. बाकी सगळी जागा चिन्हांनी खाल्लेली असते, मग मात्रा मिळेल तिथे डकवल्या जातात.

नियम एकच ठेवा: वरची आणि खालची जागा व्यंजनाच्या जोडखुणांची, उजवी बाजू मात्रेची. पहिली वेलांटी देवनागरीत अक्षराच्या आधी येते. आपल्या लिपीत ती सवय सोडा. सगळ्या मात्रा अक्षरानंतर, उजवीकडे.

पाच मात्रा पुरतात: आ, इ, उ, ए, ओ. नुसत्या 'अ'साठी काहीच लिहायचं नाही. आ सगळ्यांत जास्त येतो, त्याला अर्ध्या उंचीची एक उभी रेघ. इ ला वर जाणारी तिरपी, उ ला खाली जाणारी तिरपी. ए आणि ओ तुम्ही ठरवा. अनुस्वाराला उजवीकडे दोन बारीक आडव्या रेघा, मात्रेच्या नंतर.

आता 'आंबा', 'ऊस', 'ओटा' यांचं काय? इथे स्वर एकटाच उभा आहे, त्याला टेकायला व्यंजन नाही. त्यासाठी एक कोरी खूण करा, जिला स्वतःचा आवाज 'अ'. मात्रा तिच्यावर अडकवायची, खुंटीवर टोपी अडकवावी तशी. खुंटी + आ = आ, खुंटी + उ = ऊ. वेगळे स्वर पाठ करायची गरज राहत नाही.

'घाट' लिहून पाहू. कोन, खाली आडवी रेघ, वर उभी रेघ: घ. उजवीकडे अर्धी उभी रेघ: घा. मग चौकोन: ट. झालं.

५. जोडाक्षरं

देवनागरीची जोडाक्षरं नकलू नका. रफार, पायात जाणारा र, अर्धा श, यांतलं काहीही नको. व्यंजन अर्धं आहे, म्हणजे त्यात स्वर नाही, म्हणजे त्याची उजवी बाजू रिकामी आहे. तिथे एक छोटं शून्य काढा. 'धक्का' म्हणजे ध, क आणि त्याच्या उजवीकडे शून्य, मग का. एवढंच.

एक अडचण येते. 'दर्या' आणि 'दऱ्या' या पद्धतीत सारखेच लिहिले जातात. समुद्राकाठी राहणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. समुद्र म्हणायचा असेल तेव्हा 'दरिया' लिहावं, डोंगरातल्या दऱ्या तशाच ठेवाव्यात.

आतापर्यंतची मोजणी करा: ५ मूळ खुणा, ३ जोडखुणा, ८ सुटी व्यंजनं, ५ मात्रा, खुंटी, अनुस्वार आणि अर्ध्याचं शून्य. एकूण २४. तुमचा आकडा तिशीच्या पुढे गेला असेल तर परत छाटणीकडे जा.

६. चाचणी घ्या, आणि लगेच घेऊ नका

तक्ता तयार झाला की पाच मिनिटांत गुप्त चिठ्ठी लिहायचा मोह होतो. थांबा. आधी हे वीस शब्द लिहा:

खेकडा, घाट, छत्री, जांभूळ, झावळी, ठिकाण, ढग, थवा, धक्का, नाखवा, पाऊस, फणस, बंदर, भरती, माड, यादी, लाट, शहाळं, चिंच, होडी.

यांत छाटणीनंतर उरलेलं प्रत्येक व्यंजन, पाचही मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर आणि खुंटी येते. लिहिलेला कागद मिटून ठेवा. दुसऱ्या दिवशी किल्ली न बघता वाचा. त्याच दिवशी वाचून उपयोग नाही, कारण शब्द अजून लक्षात असतात आणि डोळा चिन्ह न वाचताच पुढे जातो.

जिथे अडलात तिथे खूण करा. सहसा दोन-तीनच जोड्या त्रास देतात: वरची उभी रेघ आणि वरची कमान घाईत सारखीच निघते, किंवा त्रिकोणाचा खालचा कोपरा सुटतो आणि ट, च यांचा गोंधळ होतो. तेवढ्याच बदला. सगळी लिपी नव्याने करायला घेऊ नका, तोच खेळ संपवायचा खात्रीचा मार्ग आहे.

मग दुसऱ्याला वाचायला द्या. त्याने किल्ली बघितली तरी चालेल, पण तुम्ही बाजूला बसून सांगायचं नाही.

> तपासा: ज्या वस्तूवर लिहिणार, तिच्यावरच एकदा चाचणी करा. वहीतली लिपी चिऱ्यावर वाचता येईलच असं नाही.

७. गुपित राखायचं तर देवनागरीची छाप पुसा

लिपी वाचता येते आहे, आता ती फुटणार कशी ते पाहा. चिठ्ठी हाती लागलेला हुशार मावसभाऊ तक्ता शोधत बसत नाही. तो वाक्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा दोन अक्षरी शब्द शोधतो, आणि तो 'आहे' असतो. तिथून त्याला खुंटी, आ, ह आणि ए अशा चार गोष्टी फुकट मिळतात. मग एकाक्षरी शब्द: 'मी', 'तू', 'ते', 'ना'. मग चिठ्ठीच्या शेवटचं तुमचं नाव.

उपाय सोपे आहेत:

- 'आहे' गाळा. 'चावी विहिरीवर' एवढं पुरे.
- नावाने सुरुवात नको, सही नको.
- शब्दांमधली जागा काढून टाका. मोडी लिहिणारे आधी सबंध ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जात. त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते डोळ्याला दिसत नसे. तसंच करा, किंवा शिरोरेघ अजिबात देऊ नका. शब्दाशब्दावर वेगळी शिरोरेघ दिलीत तर शब्द मोजून मिळतात आणि आतली भाषा मराठी आहे हेही कळतं.
- पूर्णविराम नको.

एवढं करूनही अशी लिपी ज्याला वेळ आणि चिकाटी आहे त्याच्यापुढे टिकत नाही. त्याच पाच मूळ खुणा पुन्हा पुन्हा येतात हे त्याला कळतंच. खेळासाठी ती भक्कम आहे. पण फोनचा पासवर्ड, बँकेचा पिन किंवा कोणाची खासगी गोष्ट हिच्यात लिहून ठेवू नका.

८. दुसरा थर: वर्ग सरकवा

लिपी सरावाची झाल्यावरच याकडे वळा. आधीच दोन्ही सुरू केलं तर चूक लिपीत झाली की सांकेतिक भाषेत, ते सापडत नाही.

नियम: प्रत्येक व्यंजन पुढच्या वर्गातल्या त्याच जागी न्यायचं. क चा च, च चा ट, ट चा त, त चा प, आणि प चा परत क. तसंच ग चा ज, भ चा घ, म चा ङ. बाजूला ठेवलेले ङ आणि ञ इथे लागतात, आणि सांगाड्यात ते आधीच तयार आहेत. उरलेल्या आठांची माळ: य र ल व श स ह ळ. यातलं प्रत्येक अक्षर एक पाऊल पुढे, ळ चा य. मात्रा, अनुस्वार, खुंटी जागच्या जागी.

'विहिरीमागे ये' घ्या:

वि → शि
हि → ळि
री → ली
मा → ङा
गे → जे
ये → रे

झालं 'शिळिलीङाजे रे'. हे गुप्त लिपीत लिहा. वाचणारा आधी लिपी उलगडतो, मग प्रत्येक अक्षर एक पाऊल मागे नेतो. मात्रा हलत नसल्यामुळे हे तोंडाने बोलताही येतं, आणि माजघरात सगळ्यांसमोर असं बोलता येण्याची मजा मुलांना लिपीपेक्षाही जास्त आवडते. फक्त बोलताना ङ आणि ञ चा उच्चार आधी एकदा ठरवून घ्या.

> सावधान: सरकवताना मूळ वाक्य एका ओळीत आणि सरकवलेलं बरोबर त्याच्याखाली लिहा, अक्षराखाली अक्षर. मनातल्या मनात सरकवलं की पाचव्या-सहाव्या अक्षराला एखादं तसंच राहून जातं, आणि उलगडणारा त्या शब्दावर अडतो.

चिन्हं काढायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी आकड्यांची वाट आहे. वर्गाचा क्रमांक, वर्गातली जागा, मग मात्रा: अ ०, आ १, इ २, उ ३, ए ४, ओ ५, आणि अर्ध्या अक्षराला ९. ग हा पहिल्या वर्गात तिसरा, ण तिसऱ्यात पाचवा. 'गणपती' होतो १३० ३५० ५१० ४१२. य र ल व श ला ६१ ते ६५, स ह ळ ला ७१ ते ७३, खुंटीला ००. अनुस्वार नाकातलं अक्षर अर्धं करून: आंबा म्हणजे 'आम्बा', ००१ ५५९ ५३१. प्रत्येक गट तीन आकड्यांचाच ठेवा, शून्य गाळू नका.

९. खजिन्याच्या खेळात लावताना

चिठ्ठ्या शेवटाकडून लिहा. आधी खजिना ठेवा, मग त्याच्याकडे नेणारी चिठ्ठी लिहून तिच्या आधीच्या ठिकाणी ठेवा, आणि असं मागे मागे येत पहिल्या चिठ्ठीपर्यंत या. सुरुवातीपासून ठेवत गेलात तर मधली एक जागा बदलली की तिच्याकडे नेणारी, आधीच ठेवलेली चिठ्ठी चुकते.

पुळणीवर लिहायचं असेल तर आदल्या भरतीने सोडलेली शेवाळाची आणि काटक्यांची रेघ शोधा आणि तिच्या वर लिहा. तिथली वाळू कोरडी असेल तर पाणी शिंपडून दाबून घ्या. त्या रेघेखालीच लिहायचं असेल तर ओहोटी लागल्यावर लिहा. पूर्ण ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात, पण लिहिलेलं त्याच्या बरंच आधी बुडतं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना हा खेळ किनाऱ्यावर नकोच, खळ्यात पुरेशी जागा असते. विहिरीचा काठ हीही चिठ्ठी ठेवायची जागा नाही. 'विहिरीमागे' म्हणजे चांगलं दहा पावलं मागे.

१०. किल्ली

किल्लीच्या दोनच प्रती करा, आणि लिपीच्या वहीत त्यांतली एकही ठेवू नका. ही वही कोणाच्या हाती लागली तर निदान किल्ली तरी लागू नये. प्रत्येक प्रतीवर तारीख घाला. एखादी खूण बदललीत तर दोन्ही प्रतींवर त्याच दिवशी बदला आणि नवी तारीख घाला, नाहीतर मुंबईला परत गेलेली चुलत बहीण जुन्या किल्लीने नवी चिठ्ठी वाचत बसेल. जुन्या चिठ्ठ्यांवरही त्या वेळच्या किल्लीची तारीख टाकून ठेवा. पुढच्या मे महिन्यात त्या पुन्हा वाचायच्या असतील तर कोणती किल्ली काढायची ते त्यावरूनच कळेल.